मामा या शब्दाचे गोत्र : एक संवाद

मंगलाष्टकांना आरंभ होण्यापूर्वी भटजी जो एक पुकारा करतात, की मुलीच्या मामांनी मुलीला बोहल्यावर घेऊन यावे, त्या पुकाऱ्यासरशी मंडपातील यच्चयावत माना एकाच दिशेला वळतात, आणि व्याह्याविहिणींच्या मानापानात ज्याची एरवी कोणी फारशी दखल घेत नाही असा एक गृहस्थ घटकाभर सर्व समारंभाचा धनी होतो. परिचयातील एका कार्यात हा मान ज्यांच्याकडे आला ते शास्त्रीबुवा हयातभर शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. आणि नवऱ्या मुलीची थोरली बहीण, म्हणजे त्यांची दुसरी भाची, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे अध्ययन करून आता त्याच विषयाचे अध्यापन करणारी. पंगती उठल्या, विड्यांची तबके फिरली, आणि वरातीला अद्याप अवकाश आहे असे पाहून या दोघांत जे संभाषण झाले ते शेजारच्या लोडाला टेकून मी ऐकले. निवाडा देण्याची जोखीम माझ्याकडे नव्हती. तरी माझा कल कोणीकडे झुकत होता हे वाचकांपासून लपून राहील असे वाटत नाही.

शास्त्रीबुवा : अगं, मघाशी भटजींनी मामांना साद घातली तेव्हा मनात आले, की शब्दांचेही दिवस फिरतात. मातृ या शब्दापासून मातुल, म्हणजे मातेचा भाऊ. किती भारदस्त आणि किती अन्वर्थक! त्या मातुलाचे लोकांच्या तोंडी झिजत झिजत शेवटी हे दोन अक्षरांचे मामा उरले.

भाची : मामा, झिजेलाही नियम असतात. मातुल शब्दातला त दोन स्वरांच्या मध्ये आहे, आणि असा त प्राकृतात टिकत नाही. भ्राता शब्दातला त गेला आणि आपला भाऊ आला. मातृष्वसा शब्दातला त गेला आणि मावशी आली. मातुलाचे प्राकृत रूप माउल असे सापडते. ते तसेच पुढे चालत आले असते तर ल चा ळ होऊन आज तुम्हाला आम्ही माउळ किंवा मावळ असे काहीतरी म्हणत असतो. त गेला हे मान्य. पण त्याच्या जागी हा दुसरा म कोठून आणला?

शास्त्रीबुवा : बरे, मातुल सोडून देऊ. मम धरू. मम म्हणजे माझा. त्यावरून ममता, ममत्व, आणि मामक. गीतेच्या पहिल्याच श्लोकात धृतराष्ट्र आपल्या पोरांना मामकाः म्हणतो, हे तुला सांगावयास नको. आणि कोशकारांनी मामक शब्दाला मातुल असाही अर्थ दिलेला आहे. जो आपला, जो हक्काचा, तो मामा. माझ्या मते याहून समर्पक व्युत्पत्ती मिळणार नाही.

भाची : समर्पक आहे, म्हणूनच मला तिची धास्ती वाटते. अर्थ जुळला की व्युत्पत्ती सिद्ध झाली असे मानू लागलो, तर मामलेदारालाही मामाच्या घरात आणून बसविता येईल. रयतेच्या ममतेपोटी कारभार करतो तो मामलेदार, अशी मखलाशी करणारा कोणीतरी निघेलच. वास्तविक मामला, मामलत, मामुली हे सगळे शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्या दप्तरांत शिरले.

शास्त्रीबुवा : मामलेदार हा मामा नव्हे, हे कोशावाचूनही आमच्या तीर्थरूपांना पक्के ठाऊक होते. घरात कुलकर्ण होते. जमाबंदीच्या दिवसांत मामलेदारांचा मुक्काम चावडीवर पडला की तीर्थरूपांच्या तोंडचे पाणी पळे. पण तुझे म्हणणे तरी काय? या शब्दाला धातू नाही, प्रकृती नाही, प्रत्यय नाही, असे का?

भाची : नाही, असेच. आणि हे म्हणणारी मी पहिली नव्हे. यास्काच्या निरुक्तातला वाद तुम्हीच मला लहानपणी सांगितला होता. सर्व नामे धातूंपासून निघाली असे शाकटायन म्हणतो. गार्ग्य म्हणतो, सर्व नव्हेत. काक हा शब्द पक्ष्याच्या आवाजाचे अनुकरण आहे असे खुद्द यास्क सांगतो, आणि औपमन्यव त्याला हरकत घेतो. मी गार्ग्याच्या पक्षाची. तुम्ही शाकटायनाचे.

शास्त्रीबुवांना हा दाखला अनपेक्षित होता, आणि आपणच शिकविलेले शस्त्र आपल्यावर उगारले जाताना शिक्षकाला जो एक विचित्र संतोष होतो तो त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर दिसला. पण ते सहजासहजी हार मानणारे नव्हते.

शास्त्रीबुवा : काकाचे ठीक आहे; कावळा कावकाव करतो. मामा नावाचा कोणता पक्षी माम, माम असे ओरडतो?

भाची : पाळण्यातला. सहा-सात महिन्यांचे मूल पाहा. जिभेची कसरत त्याला अजून साधत नाही. पण दूध ओढून ओढून ओठ मात्र तयार झालेले असतात. ओठ मिटून आवाज काढला तर तो नाकावाटे येतो आणि त्याचा म होतो. ओठ एकदम उघडले तर प किंवा ब होतो. जीभ दातांना टेकली तर त किंवा न होतो. तोंड उघडले की निघणारा स्वर म्हणजे आ. या एवढ्या भांडवलावर ते मामा, पापा, बाबा, ताता, नाना असा व्यापार सुरू करते. त्या वेळी त्याला कोणाला हाकही मारायची नसते. बाळ बोलत नसते. घरची माणसे ऐकत असतात, आणि ज्याला त्याला वाटते की आपल्यालाच हाक मारली.

शास्त्रीबुवा : हे तुझे अनुमान, की याला कोणा ग्रंथकाराचे प्रमाण आहे?

भाची : प्रमाण आहे. जॉर्ज मर्डॉक या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने जगभरच्या भाषांतून आई आणि बाप या अर्थांचे १०७२ शब्द गोळा केले. त्या सामग्रीवर रोमान याकोबसन या जन्माने रशियन असलेल्या भाषाशास्त्रज्ञाचा निबंध १९६० साली प्रसिद्ध झाला. आईवाचक शब्दांपैकी ५५ टक्क्यांत म, न यांसारखे अनुनासिक होते. बापवाचक शब्दांत त्यांचे प्रमाण अवघे १५ टक्के. याकोबसनने याचे कारण दिले ते असे, की तोंड स्तनाला लागलेले असताना मुलाला एकच आवाज काढता येतो, नाकातला हुंकार. पुढे दूध दिसले की तोच हुंकार, भूक लागली की तोच, आणि शेवटी जी दूध देते तिच्याबद्दलही तोच. लॅटिनमध्ये मम्मा म्हणजे आई आणि मम्मा म्हणजेच स्तन. त्या दुसऱ्या अर्थावरूनच लिनीअसने १७५८ साली सस्तन प्राण्यांच्या वर्गाला नाव दिले. आपल्याकडे लेकराला भात भरविताना आपण मंमं म्हणतो, ते काही लॅटिन शिकून म्हणत नाही.

शास्त्रीबुवा : मंमं म्हणजे भात, हे मात्र मला पटले. पण त्याला शास्त्र म्हणावे की बाळबोध?

भाची : वारो या रोमन पंडिताने दोन हजार वर्षांपूर्वी हा बाळबोध लिहून ठेवला आहे. रोममधली मुले खाऊला पापा म्हणतात, पाण्याला बुआ म्हणतात, आईला मम्मा आणि बापाला ताता. आपल्या तात्यांनी रोमला जाऊन आपले नाव आणले, की रोमकरांनी पुण्यास येऊन ते नेले?

शास्त्रीबुवा : तात हा शुद्ध संस्कृत शब्द आहे. उगाच रोमचा संबंध जोडू नकोस. आणि मला सांग, विल्यम जोन्सने १७८६ मध्ये कलकत्त्यास जे भाषण केले, संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या एकाच उगमाच्या भाषा आहेत म्हणून, त्याचे काय झाले? मातृ आणि मातेर, पितृ आणि पातेर ही जुळणी तुम्हीच आम्हाला शिकवता. मग मामा आणि मम्मा ही जुळणीही त्याच उगमाची का धरू नये?

भाची : कारण दोन्ही शब्दांचे वर्तन निराळे आहे. पितृ या शब्दातल्या प चा इंग्रजीत फ होतो. पाद आणि पशु यांच्या इंग्रजी नात्यातल्या शब्दांतही तेच. याकोब ग्रिमने १८२२ साली तो नियम मांडला, आणि कुळातले शब्द त्या नियमाला बांधलेले असतात. पण पापा हा शब्द पाहा, इंग्रजीतही पापाच. मामाचेही तसेच. ज्या शब्दाला दर पिढीत नवे मूल पुन्हा नव्याने घडविते, त्याच्यावर हजारो वर्षांची झीज चढणार कशी? मातृ शब्दाची हकीकत मध्यस्थाची आहे. त्याच्या मुळाशी तोच मा असावा. मोठ्या माणसांनी त्याला पितृ, भ्रातृ, दुहितृ या शब्दांतला शेवट लावून घरंदाज केले. मग मात्र त्याला कुळाचे सगळे कायदे लागू झाले.

शास्त्रीबुवा : मा म्हणजे मोजणे, निर्माण करणे, जी निर्माण करते ती माता. हे आमच्याकडचे निर्वचन तू एका वाक्यात बुडविलेस.

भाची : निर्वचन राहू द्या, ते काव्य म्हणून मलाही आवडते. पण त्याने जॉर्जियन भाषेचे काय करायचे? काळ्या समुद्राच्या पूर्वेला, कॉकेशस पर्वताच्या कुशीत ही भाषा बोलतात. संस्कृतच्या कुळाशी तिचा संबंध नाही. तिच्यात मामा म्हणजे बाप.

शास्त्रीबुवा : बाप? मग आईला काय म्हणतात?

भाची : देदा. मातृभाषेला देदाएना म्हणतात, आणि याच नावाचे मुलांचे पहिले पुस्तक याकोब गोगेबाश्विली यांनी १८७६ साली काढले. तिथल्या किती पिढ्या त्यावर शिकल्या. राजधानीलाही देदाकालाकी, म्हणजे आईनगर, म्हणतात. आणि मामाली म्हणजे कोंबडा, कारण तो नर. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या वाळवंटात पित्यन्त्यत्यारा नावाचे मूळ रहिवासी आहेत, त्यांच्यातही मामा म्हणजे बाप. फारसीत मामा म्हणजे सुईण. उर्दूत घरातल्या मोलकरणीला मामा म्हणत. नजीर अहमदांच्या १८६९ सालच्या मिरातुल उरूस या कादंबरीत मामा अझमत नावाची अशीच एक लबाड बाई घरच्या सौद्यात पैसे खाते. रशियात आणि आफ्रिकेच्या स्वाहिलीत मामा म्हणजे आई. आणि आपल्याकडे, म्हणजे जवळजवळ सबंध हिंदुस्थानात, आईचा भाऊ. आता सांगा, हे सगळे एका धातूपासून काढायचे तर मम म्हणून कोणाकोणाला आपले म्हणायचे? सुईण, मोलकरीण, बाप, कोंबडा?

येथे शास्त्रीबुवा बराच वेळ सुपारी कातरीत राहिले. माझ्या मते त्यांची पंचाईत खरी होती. परंतु प्रतिपक्षाच्या युक्तिवादातले छिद्र त्यांच्या लक्षात आले होते, आणि ते छिद्र क्षुल्लक नव्हते.

शास्त्रीबुवा : तुझी ही सर्व कैफियत ऐकल्यावर मला एक शंका येते. ध्वनी मुलाच्या तोंडून आपोआप निघतो, एवढेच तू सिद्ध केलेस. पण त्या ध्वनीला अर्थ कोणी दिला? मुलाने नव्हे. एकाच हुंकाराचा कोठे बाप झाला, कोठे मोलकरीण झाली आणि आमच्याकडे मीच का झालो, याचा जाब तुझ्या पाळण्यातल्या पक्ष्याकडे मागता येत नाही. जपानी लोकांचे काय? त्यांच्यातही आई म्हणजे मामाच असेल.

भाची : नाही, तिथे गंमत आहे. जपानीत आई म्हणजे हाहा. हे रूप ओठांचे वाटत नाही. पण १५१६ सालच्या त्यांच्याकडच्या एका कोड्यांच्या संग्रहात एक कोडे आहे. आईसाठी दोनदा भेटतात आणि बापासाठी, म्हणजे चिची या शब्दासाठी, एकदाही भेटत नाहीत, असे कोण? उत्तर : ओठ. म्हणजे त्या काळी हाहा शब्दाचा उच्चार फाफा यासारखा होता, आणि त्याही आधी तो पापा होता असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. अर्थाबाबत मात्र तुमचे म्हणणे मला मान्य आहे. पापा म्हणजे आई, मामा म्हणजे बाप. ध्वनीची मालकी मुलाची असली तरी अर्थाची वहिवाट मोठ्या माणसांची.

शास्त्रीबुवा : आता कशी मामलेदाराच्या भाषेत बोललीस! मालकीहक्काचा कागद मिळत नसेल तर वहिवाट पाहावी, हे आमच्या तीर्थरूपांचे मत होते. मग वहिवाटच पाहू. संस्कृतात ही वहिवाट जुनी आहे. पंचतंत्रात बगळ्याला खेकडा माम अशी हाक मारतो. मातुल म्हणत नाही. गाणाऱ्या गाढवालाही कोल्हा तसाच मामा करतो. पंडितांच्या संस्कृतात हा शब्द आहे, आणि तो तुझ्या पाळण्यातून उठून तिथे गेला असेल तर जाऊ दे. गेल्यावर त्याचे उपनयन झाले एवढे खरे.

भाची : पंचतंत्राचा दाखला उत्तम आहे. पण पाहा, पुढे काय होते. बगळा मासे खातो, शेवटी खेकडा त्याची मान कापतो. गाढव काठ्यांचा मार खाते. माम म्हणून हाक मारली की पुढे दगा, नाहीतर फजिती. महाभारतात शकुनी मामा. त्याने भाच्यांचा वंश बुडविला. पांडवांकडे शल्य मामा. तो निघाला भाच्यांच्या मदतीला आणि जाऊन बसला दुर्योधनाच्या छावणीत. श्रीकृष्णाचा मामा कंस. आणि आपण म्हणतो, त्याला मामा बनवला.

शास्त्रीबुवा : बगळ्यावरून तू शकुनीवर येशील हे मला वाटलेच होते. अगं, ज्याच्यावर डोळे मिटून विसंबायचे त्याच्याकडूनच दगा संभवतो. परक्याकडून झाला तर त्याची गोष्ट कोण लिहील? जावळ काढायचे तर मूल मामाच्या मांडीवर, कान टोचायचे तर मामाच्या मांडीवर, लग्नाला उभी राहायची तर मामा पाठीशी. नारायण महादेव परमानंदांना सगळी मुंबई मामा परमानंद म्हणे; भार्गवराम वरेरकर तर नाटककार म्हणूनही मामा वरेरकर; आणि सोनोपंत दांडेकर वारकऱ्यांचे मामासाहेब. काका म्हणून इतकी माणसे जवळ येत नाहीत. काकाशी वाटणीचा संबंध असतो, मामाशी नसतो. भाऊबंदकीच्या दप्तरात मामाचे नाव येतच नाही.

भाची : हे तुम्ही बरोबर बोललात, आणि हे व्युत्पत्तीत कधीच सापडले नसते. पण वहिवाटीचा शोध घ्यायचा तर तो पुरता घेऊ. मला सांगा, आपल्या आत्याच्या यजमानांना आपण काय म्हणतो?

शास्त्रीबुवा : मामा. कोणी आतोबा म्हणतात, पण बहुतेक घरांत मामाच.

भाची : आणि मावशीच्या यजमानांना?

शास्त्रीबुवा : काका.

भाची : आता हिंदी भाषकांना विचारा. त्यांच्याकडे आत्या म्हणजे बुआ किंवा फूफी, आणि तिचा नवरा फूफा. मावशी म्हणजे मौसी, तिचा नवरा मौसा. मामा हा फक्त आईचा भाऊ. फूफ्याला चुकूनही कोणी मामा म्हणणार नाही. शब्द तोच, पण वहिवाट वेगळी. मग मराठी माणसाने आत्याचा नवरा आणि आईचा भाऊ यांना एकाच नावाखाली का घातले? आणि सुनेने सासऱ्याला मामंजी का म्हणावे?

शास्त्रीबुवा : सासू आत्याबाई, सासरा मामंजी. लहानपणापासून ऐकतो आहे.

भाची : मुलगी आत्याच्या घरी दिली, म्हणजे मुलाने मामाची मुलगी केली, की सासू ही जन्माचीच आत्या. आत्याचा नवरा आधीच मामा. तोच आता सासरा. म्हणून मामंजी. एक पाऊल खाली दक्षिणेत गेले की सगळे उघड होते. तेलुगूत मामा म्हणजे मामा आणि सासराही. नेमका आईचा भाऊच सांगायचा असेल तर त्यांना मेनमामा असे म्हणावे लागते. तमिळमध्ये मामा याच दोन अर्थांचा. कानडीत मामा आणि मावा, पैकी मावा हा सासरा. तिथे मामाची मुलगी करतात, आत्याची करतात, आणि कित्येक ठिकाणी मामा स्वतःच भाचीशी लग्न करतो. इरावतीबाई कर्व्यांनी १९५३ साली हिंदुस्थानातल्या आप्तसंबंधांवर जो इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात महाराष्ट्राची जागा उत्तर आणि दक्षिण यांच्या मध्ये दाखविली आहे. आपल्याकडे भाचीशी लग्न नाही. मामाची मुलगी मात्र पुष्कळ जातींत चालते, देशस्थ ऋग्वेद्यांतही चालते, आणि कोकणस्थांत चालत नाही. माझे म्हणणे एवढेच, की मामा हा शब्द आपण उत्तरेसारखा बोलतो आणि दक्षिणेसारखा वापरतो.

शास्त्रीबुवा : हळूहळू तू मराठीला कानडीच्या पदरात घालू पाहतेस. अर्जुनाने सुभद्रा केली ती कोण? कुंतीचा भाऊ वसुदेव, त्याची कन्या. म्हणजे मामाचीच मुलगी. प्रद्युम्नाने रुक्मीची मुलगी केली, तीही मामाची. हे इंद्रप्रस्थाचे आणि द्वारकेचे लोक. यांना द्रविड म्हणशील का?

भाची : म्हणणार नाही. पण बौधायनाने धर्मसूत्रात दक्षिणेकडचे म्हणून जे पाच वेगळे आचार मोजले, त्यांत मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी विवाह हे दोन्ही आहेत. ते आचार इतके वेगळे वाटले, की त्यांची स्वतंत्र नोंद करावी लागली. सुभद्रेच्या गोष्टीचा अर्थ एवढाच होतो, की हद्दी कायम नव्हत्या.

शास्त्रीबुवा : नोंद झाली म्हणजे निषेध झाला असे नव्हे. तिकडचा आचार तिकडे प्रमाण, असेच तो म्हणतो. असो. माझ्याही मनात एक तर्क आहे. खेड्यांतून आत्याला मावळण म्हणतात. मला वाटते, ही मावळण म्हणजे तुझ्या मघाच्या नियमाने आलेली मातुलानी. त गेला आणि ल चा ळ झाला. पण मातुलानी म्हणजे मामाची बायको. आणि मावळण म्हणजे आत्या. बापाची बहीण ही मामाची बायको कशी?

भाची : साटेलोटे!

शास्त्रीबुवा : तेच. दोन घरांनी एकमेकांच्या मुली केल्या, की आईचा भाऊ हाच आत्याचा नवरा. मामी आणि आत्या ही एकच बाई. माझा तर्क खरा असेल तर तुझा मुद्दा सिद्ध करणारा शब्द संस्कृतातलाच निघाला.

ही त्यांची चाल मला फार आवडली. भाचीने शब्दाला घरातून बाहेर काढून जगभर फिरविले होते. शास्त्रीबुवांनी एका खेडवळ शब्दाच्या आधारे त्याला पुन्हा माजघरात आणून बसविले, आणि तेही तिच्याच नियमाने. तर्क टिकेल की नाही हे मी सांगू शकत नाही, परंतु वाद करावा तर असा.

भाची : मामा, हा तर्क मी टिपून घेते. पण मग या दिवसांतल्या मुलांचे काय? त्यांना आत्याचा नवराही अंकल आणि शेजारचे कुलकर्णीही अंकल.

शास्त्रीबुवा : त्याचा मला संताप येतो. काका, मामा, मावसा, आतोबा या चार खोल्यांच्या भिंती पाडून साहेबाने एक पडवी केली.

भाची : पण मूळ पाहाल तर तुम्हाला समाधान वाटेल. अंकल हा शब्द फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन आवुंकुलुस आहे. रोमन माणूस चुलत्याला पात्रुउस म्हणे. आवुंकुलुस म्हणजे फक्त आईचा भाऊ. आवुस म्हणजे आजा, त्याचे लाडके रूप. जणू धाकटे आजोबा. म्हणजे अंकल म्हणजे मूळचा मामाच. चुलत्याचा शब्द बुडाला आणि मामाचा शब्द सगळ्यांवर पसरला.

शास्त्रीबुवा : रोममध्येही मामाच जिंकला म्हणायचा. पण साहेबाने त्यातला मामा घालवलाच ना? काका की मामा, हे त्याच्या शब्दावरून कळेल का?

भाची : नाही कळत, आणि त्यामुळे एकदा फार मोठा घोटाळा होऊ शकला असता. ग्रियर्सनसाहेबांनी हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी केली. त्यातला मराठीचा खंड १९०५ चा. गावोगावच्या बोलींचे नमुने घ्यायचे म्हणून त्यांनी बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट प्रत्येक बोलीत उतरवून मागितली. त्या गोष्टीत बाप आहे, दोन मुलगे आहेत, चाकर आहेत; मामा नाही, आत्या नाही, मावशी नाही. नात्यांचा जो सगळा प्रपंच आपण आता बोललो तो तीत कोठेच उतरत नाही. पण गोष्टीबरोबर शब्दांची आणि वाक्यांची एक याद होती, तीत एक वाक्य असे : माझ्या अंकलच्या मुलाचे लग्न त्याच्या बहिणीशी झाले आहे.

शास्त्रीबुवा : थांब. अंकल म्हणजे कोण? काका की मामा?

भाची : ते वाक्यात नाही. प्रत्येक तर्जुमा करणाऱ्याने आपापल्या मनाने ठरवायचे.

शास्त्रीबुवा : आणि त्याच्या बहिणीशी म्हणजे कोणाच्या? अंकलच्या मुलाच्या?

भाची : तिसऱ्या कोणाच्या तरी.

शास्त्रीबुवा : इंग्रजीत तसे असेल. पण आमच्या कुलकर्ण्याच्या घरी एखादा कारकून हे वाक्य घेऊन आला असता आणि अंकलचा चुलता करून त्याने ते वाचून दाखविले असते, तर तीर्थरूपांनी आधी त्याला पाणी दिले असते, मग शांतपणे विचारले असते, की बाबा रे, तुझ्या साहेबाला हे लग्न मोडायचे आहे की नुसते लिहून घ्यायचे आहे? आणि अंकलचा मामा केला असता तर म्हणाले असते, त्याची बहीण म्हणजे तुझी मामेबहीण; ती तर तुलाच सांगून यायची, तिथे तिचा भाऊ मध्ये कोठून आला?

भाची : मग तुम्ही कोणता तर्जुमा केला असता?

शास्त्रीबुवा : मी? मी कोणताच केला नसता. साहेबाला लिहून कळविले असते, की सदरहू वाक्यातील इसम कोणाचा कोण, याचा खुलासा येईपर्यंत कागद तहकूब ठेवला आहे.